एक ते दोन आठवडे

तीन, दोन आणि एक मिळून सहा होतात. श्यामसुंदर लवाट्यांना हे सदुसष्टाव्या वर्षी कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण माणसाने अख्खी नोकरी बेरजा तपासण्यात घालवली होती. पण समोर स्क्रीनवर छापलेलं होतं पाच. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. पाचच. थॉर्नकॅस्टर नावाचा इंग्लंडातला एक जिल्हा, सन एकोणीसशे आठ, तिथल्या आरोग्याधिकाऱ्याचा वार्षिक अहवाल, तक्ता पाचवा: वर्षाच्या आत दगावलेली मुलं, किती आठवड्यांची होऊन गेली आणि कशाने गेली. त्यातला उभा रकाना 'एक ते दोन आठवडे'. अपुऱ्या दिवसांची तीन, जन्मजात अशक्तपणाने दोन, आकडी येऊन एक. खाली बेरीज पाच. सगळा तक्ता आडवा मोजला तर बावन्न मुलं भरत होती, उभा मोजला तर एक्कावन्न, आणि साहेबाने वर मजकुरात बिनदिक्कत एक्कावन्न ठोकून दिले होते. एक मूल मधल्यामधे कुठेतरी राहून गेलं होतं. सकाळचे दहा वाजले होते, डिसेंबरातली चांगली थंडी होती, आणि लवाट्यांच्या तळहातांना घाम सुटला. कोण कुठलं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं गोरं पोर, आणि घाम कुणाला, तर कर्वेनगरातल्या पेन्शनराला. पण सुटला खरा.

हे काम त्यांना सलिलने, म्हणजे त्यांच्या मुलाने, लावून दिलं होतं. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातल्या साबणाच्या वड्यासुद्धा मोजतात, त्यापेक्षा बाहेरचं काहीतरी मोजू देत, असा त्यात आईवर उपकार करण्याचा भाग होता. खराडीतली एक कंपनी विलायतेतले जुने अहवाल मशीनकडून वाचून घ्यायची. मशीन तीनला आठ वाचायचं, सातला एक वाचायचं, कागदावरच्या माशीच्या डागाला दशांशचिन्ह समजायचं. ते सगळं निस्तरायला डोळे शाबूत असलेली आणि वेळ जात नसलेली माणसं लागत. लवाटे त्यांच्यातले सगळ्यात बारीक. जन्मप्रमाण हजारी चोवीस पूर्णांक सात, मृत्युप्रमाण हजारी चौदा पूर्णांक दोन, हे असलं वाचताना इतरांना झोप येते. लवाट्यांना गाव दिसायचं. सोळा हजार सातशे वस्ती. कापडाच्या दोन गिरण्या असाव्यात, कारण उन्हाळ्यात जुलाबाने मुलं फार जात आणि साहेब लिहितो की आया कामावर जातात आणि मुलं शेजारणीच्या हवाली असतात. चारशे बारा जन्म. म्हणजे गावात रोज कुठल्या ना कुठल्या घरी पाणी तापत असणार, एखादी म्हातारी लगबगीने बोळातून जात असणार. आयुष्यात साताऱ्याच्या पलीकडे चार वेळाही न गेलेल्या या माणसाला थॉर्नकॅस्टरच्या बोळांची अशी माहिती झाली होती. आधीच्या तीन वर्षांचे अहवाल त्यांनीच तपासले होते. त्यात एका आकड्याची चूक नव्हती. मग याच वर्षी तिथल्या बेरजा करणाऱ्या कारकुनाला काय झालं?

त्यांनी खराडीला फोन लावला. तिथे वल्लरी म्हणून मुलगी होती, पंचविशीची, सगळ्या तपासनिसांवर तीच. "सर, गुड मॉर्निंग. बोला ना."

"तक्ता पाचात टोटल चुकलीय. सहा पाहिजेत, पाच छापलेत."

"आपल्या मशीनने चुकवलंय की ओरिजिनलमध्येच आहे?"

"मुळातच. साहेबाचीच चूक."

"मग ॲज-इज ठेवा सर. क्लायंटला जसं छापलंय तसंच हवंय. आपण करेक्ट नाही करायचं."

"अहो पण एक मूल कमी पडतंय."

वल्लरी वाईट मुलगी नव्हती. "सर, शेऱ्याच्या कॉलममध्ये टाका मग. कुणी वाचत नाही, पण टाका. आणि चार वाजेपर्यंत फाइल द्याल ना?"

देतो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरात सुनीती फोडणी देत होती. त्यांना वाटलं, हिला हाक मारून दाखवावं, बघ गं, इथे कुणाचं तरी मूल मोजायचं राहिलंय. हाक मात्र मारली नाही. अडतीस वर्षं जी हाक मारली नाही ती मोहरीच्या तडतडीत काय मारणार.

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात त्यांना मुलगी झाली होती. तीन तारखेला. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत बिऱ्हाड, सुनीतीला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच, पेठेतल्या दवाखान्यात. साताऱ्याहून थोरली बहीण द्वारकाताई आली होती, डिंकाचे लाडू आणि हुकूम दोन्ही घेऊन. मुलगी दिवसांच्या मानाने लहानखुरी, पण नाक असं सरळ की द्वारकाताई म्हणाली, हे आमच्याकडचं नाही, लवाट्यांची नाकं म्हणजे भजी. नाव काय ठेवायचं हे दोघी बायकांनी तिसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. यांनी विचारलं तर सुनीती पदराआड हसली. द्वारकाताई म्हणाली, "नाव ठेवायचा मान आत्याचा. तू कोण? नुसता बाप. बाराव्या दिवशी कानात कुर्रर्र करीन तेव्हा आळीबरोबर तुलाही कळेल." त्यांनाही ते आवडलं होतं. ऑफिसला जाताना सायकलवरून ते मनाशी नावं लावून बघत. प्रत्येक नाव त्या नाकाला लावून बघायचं आणि काढून टाकायचं. नऊ दिवस त्यांनी या खेळात फार सुखात घालवले, आणि पुढे आयुष्यात सुख म्हटलं की त्यांना दांडेकर पुलावरचा तो चढ आठवायचा, धाप लागलेली आणि डोक्यात पोरीची नावं. दहाव्या दिवशी तिने दूध ओढायचं सोडलं. शेजारचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली. बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातलेले होते. ते कुणी उपसले नाहीत, कुणी टाकले नाहीत. दोन दिवसांनी पातेल्यात त्यांना मोड आले, लांब, पांढरे. तो ओला हिरवट वास लवाट्यांना अजून मंडईत कुठे कुठे गाठतो, आणि ते भाजी न घेता परत येतात.

इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत. मंत्र नाहीत, दहावं-बारावं नाही, पुढे कधी पान नाही. दात न आलेल्याचं आपल्याकडे शास्त्र फारसं काही मानत नाही. दूध घालायला येणारा महिपती दारातच होता, बरणी खाली ठेवून तो म्हणाला, "सायेब, माज्या मळ्यात ठिवू तिला. नदीकडंला, उंबराखाली. तिथं नांगर जात न्हाई." त्याच्या सायकलच्या पाठोपाठ हे रिक्षात बसून गेले. दुपट्यातलं वजन मांडीवर. एवढी रिक्षा खडखडत होती तरी ते उजवा हात तिच्या डोक्याखाली धरून बसले होते, मान हलू नये म्हणून. महिपतीनेच खणलं. परत आले तेव्हा सुनीती भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने कुठे म्हणून विचारलं नाही. त्यांनी तिचं नाव काय होतं म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी विचारायचं नसतंच. पण मग दुसऱ्या दिवशीही राहिलं, आणि अशा गोष्टींचं असंच आहे, पहिल्या महिन्यात जी लाज वाटते ती पुढे घरातली वस्तू होऊन बसते, रोज तिला वळसा घालून जायचं.

आणि आता खरी गोम. श्यामसुंदर लवाटे तेव्हा ज्या सरकारी कचेरीत नोकरीला होते तिथे त्यांचं टेबल जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचंच होतं. गावोगावचे फॉर्म, शहरांचे तक्ते, वर्षाखालील मृत्यू वेगळे. पोरांच्या मरणाच्या रकान्यांवर त्यांनी बिनदिक्कत चहाचा कप ठेवलेला होता. चौथ्या दिवशी ते कामावर रुजू झाले आणि खणातला कोरा फॉर्म काढून भरायला बसले. मृत्यूचा दिनांक लिहिला. स्त्री लिहिलं. वय, अकरा दिवस. पत्ता लिहिला. आणि मग वरच्या पहिल्या रकान्याशी आले: मृताचं नाव. असे शेकडो फॉर्म त्यांच्या हाताखालून गेले होते. लोक तिथे आडवी रेघ मारतात, नाहीतर लिहितात, नाव ठेवलेले नाही. पण ते खोटं झालं असतं. नाव ठेवलेलं होतं. फक्त बापाला ठाऊक नव्हतं. त्या कोऱ्या चौकोनापाशी त्यांचं पेन थांबलं ते थांबलंच. घरी जाऊन बाळंतिणीला विचारायचं, अगं फॉर्म भरायचाय, पोरीचं नाव सांग? फॉर्म खणात गेला. वर्ष उलटलं, त्या सालचा तक्ता छापून आला, मुद्रितं तपासायला त्यांच्याचकडे. वर्षाखालील मृत्यू, शहर, स्त्रिया. त्यांनी बेरीज लावली, बरोबर आली, आणि सबंध महाराष्ट्रात एकट्या त्यांना माहीत होतं की ती एकाने चूक आहे. तपासले, म्हणून सही केली. तेव्हापासून कुणी 'लवाट्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ' असं कौतुक केलं की ते उठून पाणी प्यायला जायचे.

पुढे सलिल झाला, वाढला, शिकला, हडपसरला फ्लॅट घेऊन राहिला. सगळं जसं व्हायचं तसं झालं. घर घ्यायची वेळ आली तेव्हा लवाट्यांनी कर्वेनगरचाच हट्ट धरला. नदीची हवा बरी, म्हणाले. सुनीती म्हणाली, "नदीची हवा? नाकाला विचारलंत का?" रोज सकाळी ते नदीच्या बाजूला फिरायला जात. मळा केव्हाच गेला होता, महिपतीही गेला होता. तिथे आता सात इमारतींची सोसायटी. उंबर मात्र तोडायला कुणी मजूर तयार झाला नसावा, बिल्डरने त्याभोवती पार बांधून बाग केली होती. कुंपणाच्या भिंतीवरून उंबराचा शेंडा दिसतो. तेवढा बघायचा, आणि परत फिरायचं. एकदा, सोसायटी नवी असताना, ते धीर करून फाटकातून आत निघाले होते. वॉचमनने हटकलं, कोणाकडे? साधाच प्रश्न. लवाट्यांना उत्तर सुचलं नाही. चुकलं म्हणाले आणि मागे वळले.

वर्षातून एकदा, डिसेंबरच्या तीन तारखेला, सुनीती शेवयांची खीर करी. सण नाही, वार नाही. हे वाटीभर खात आणि छान झालीय म्हणत. एवढंच. याच महिन्यात परवाच झाली होती. नाव खरं तर दोघींना माहीत होतं, पण द्वारकाताई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारात हे साताऱ्याला जाऊन तिच्या खाटेशी तीन तास बसले. आता विचारू, मग विचारू. तिने मध्येच डोळे उघडले आणि म्हणाली, "श्याम, काही म्हणत होतास?" हे म्हणाले, "गोळी घेतलीस का?" परतीच्या एसटीत खंबाटकीच्या बोगद्यात त्यांना एकदम रडू आलं, आणि शेजारच्या माणसाने बहिणीसाठी समजून पाठीवर हात ठेवला.

तर आता तक्त्यातल्या पाच या आकड्याकडे बघताना त्यांना थॉर्नकॅस्टरचा तो कारकून अगदी शेजारच्या टेबलावर दिसायला लागला. तीन वर्षं न चुकलेला माणूस असाच चुकत नाही. कोट खुंटीला टांगलेला, बोटांना शाई, आणि एक ते दोन आठवडे या रकान्याशी येऊन त्याचा हात थांबला असणार. पाच पोरं दुसऱ्यांची होती ती त्याने मोजली असतील. सहावं त्याच्याने मोजवलं नसेल. असेल-नसेल, त्याचं घर, त्याची बायको, कुणी सांगायचं. पण लवाट्यांना त्या परक्या माणसाचा असा लळा दाटून आला की त्यांनी स्क्रीनला बोट लावलं. अरे बाबा, तू साहेबाला फसवलंस आणि शंभर वर्षांनी सापडलास. मला कोण शोधणार? आणि पाठोपाठ वाटलं, आपण मेलो, सुनीती मेली, की ती पोर झाली होती हे सांगणारं जगात काय उरतं? जन्माची नोंद दवाखान्याने केली असेल, नावाची जागा कोरी. पुढे कशातच नाही. कुणी आडवी मोजली तर आहे, उभी मोजली तर नाही. हे निस्तरायला हवं होतं आणि ते त्यांनाच करायला हवं होतं. नाव कोरं तर कोरं. निदान गेली म्हणून तरी लिहिलं जाऊ दे.

त्यांनी पाच तसेच ठेवले, शेऱ्यात लिहिलं, 'बेरीज सहा होते, एक मूल मोजायचे राहिले आहे', आणि फाइल चारच्या ऐवजी अकरालाच पाठवून दिली. मग इस्त्रीचा सदरा घातला. सुनीती कणीक मळत होती. "कुठे निघालात?"

"कॉर्पोरेशनच्या ऑफिसात. पाण्याचं जरा."

"पाण्यासाठी इस्त्रीचा सदरा," ती म्हणाली. "बरं."

जन्म-मृत्यूच्या खिडकीशी गर्दी नव्हती. उशिराच्या मृत्युनोंदणीचा फॉर्म घेऊन त्यांनी बाकावर बसून भरला. अक्षर अजून तसंच, वळणदार. दिनांक, स्त्री, अकरा दिवस. पहिल्या रकान्यात आडवी रेघ मारली. जुनं प्रकरण म्हटल्यावर आधी जन्माचा उतारा जोडावा लागणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून तो अर्ज पुढे केला. खिडकीत श्रद्धा नावाची मुलगी होती, बोलण्यावरून यवतमाळ-वर्ध्याकडची. "सत्त्याऐंशीचं आहे न काका? सापडते, बसा न. जुनी पुस्तकं सगळी चढवली आहेत आता." तिने आईचं नाव विचारलं, तारीख विचारली, टाइप केलं. प्रिंटरने घरघर केली. तिने कागद शिक्का मारून खिडकीतून सरकवला, आणि लवाट्यांनी सवयीने आधी तारीख तपासली. बरोबर. मग लिंग. मग आईचं नाव. मग त्यांची नजर वर गेली.

नाव: अपूर्वा श्यामसुंदर लवाटे.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तपासनिसाचा डोळा, तो अक्षर न् अक्षर सुटं करून वाचतो, तसं वाचलं. मग खाली शेऱ्याच्या जागी गेले. तिथे बारीक छापलं होतं, नाव मागाहून नोंदवले, पंचवीस नोव्हेंबर दोन हजार दोन, आईच्या अर्जावरून.

"पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आठच दिवस बाकी होते न काका," श्रद्धा म्हणाली. "काकूंनी बरं केलं. मुदत गेली की लय त्रास होतो लोकांना. कुठे असते मुलगी?"

"इथेच," लवाटे म्हणाले. "पुण्यातच."

"लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचे कागद वेगळे लागतात, सांगून ठेवते. आणि तो दुसरा कोणता फॉर्म आहे तुमच्या हातात?"

"हा चुकून आणला," ते म्हणाले, आणि तो चार घड्या घालून त्यांनी खिशात ठेवला.

बसमध्ये त्यांना जागा मिळाली, पण ते उभेच राहिले. अपूर्वा. त्यांनी ते नाव त्या सरळ नाकाला लावून बघितलं आणि ते बसलं. सायकलवरून लावलेल्या सगळ्या नावांत हे कसं सुचलं नव्हतं आपल्याला? अडतीस वर्षांची अपूर्वा. डोळ्यांसमोर काही केल्या बाई येईना. येत होतं ते दुपटंच. मग एकदम नळ स्टॉपच्या सिग्नलला त्यांना दोन हजार दोन साल आठवलं. शेजारच्या मेहेंदळ्यांच्या मुलाचं शाळेच्या दाखल्यावरून अडलं होतं, जन्माच्या नोंदीत नावच नव्हतं. जेवताना यांनी मोठ्या तोऱ्यात नियम सांगितला होता: पंधरा वर्षांच्या आत कधीही घालता येतं, एकदा मुदत गेली की कटकट. सुनीती आमटी वाढत होती. तिचा डाव मध्येच थांबला होता, आणि हे म्हणाले होते, सांडशील. ते सुद्धा आठवलं. बायको एकटी, कर्वेनगरहून बस पकडून, कुणाला न सांगता गेली, रांगेत उभी राहिली आणि लेकीला नाव घालून आली, आणि संध्याकाळी याच माणसाला चहा करून दिला. लवाट्यांना लाज वाटली, राग आला, आणि त्या दोन्हींच्या खाली एक अशी ओढ उठली की त्यांना बस थांबवून पळत घरी जावंसं वाटलं.

घरी सुनीती जमिनीवर मेथी निवडत बसली होती. त्यांनी कागद तिच्यासमोर, मेथीच्या शेजारी ठेवला. तिने हात पदराला पुसले, पण कागद उचलला नाही. नुसता बघितला.

"पाण्याचं काम झालं वाटतं," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत?"

ते गुडघे धरत तिच्यासमोर खाली बसले, कितीतरी वर्षांनी असे जमिनीवर, आणि एक जुडी ओढून पानं खुडायला लागले. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. "देठ नका घेऊ," म्हणाली. मग खाली बघूनच बोलायला लागली. "तुम्हीच सांगितलंत ना, पंधरा वर्षांच्या आत. म्हटलं, आता नाही घातलं तर पोरीला कायमचं नावच नाही. तिथल्या माणसाने विचारलं, कितवीत आहे मुलगी? मी म्हटलं, नववीत. हुशार आहे का? म्हटलं, गणितात आहे, वडिलांवर गेलीय." तिने दोन देठ बाजूला टाकले. "एवढं बोलले मी तिथे. मला घरी यावंसंच वाटेना."

लवाट्यांनी खिशातला घडी घातलेला फॉर्म काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो उलगडून वाचला, आडव्या रेघेवर तिची नजर थांबली. "म्हणजे तुम्ही तेव्हा दिलाच नव्हता हा."

"नाव माहीत नव्हतं."

तिने तो कागद पुन्हा त्याच घड्यांवर घातला आणि निवडलेल्या देठांच्या ढिगात टाकला. जुडी संपली तेव्हा ती म्हणाली, "मीही एक विचारायचं ठेवलंय."

"विचार."

"कुठे?"

त्यांना वाटत होतं की हा प्रश्न आला तर आपण मोडून पडू. तसं काही झालं नाही. उलट इतकं सोपं वाटलं की त्यांना हसू यायला लागलं, आणि डोळे भरून आले. "चपला घाल," ते म्हणाले. "पंधरा मिनिटांवर आहे."

"रोज सकाळी तुम्ही..." एवढंच म्हणाली. मग उठली, साडी बदलली, आणि फ्रिज उघडून काय घ्यावं असं बघत उभी राहिली. काहीच नव्हतं. शेवटी तिने डब्यातला डिंकाचा लाडू कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

ऊन उतरलं होतं. ती कधी नव्हे ती त्यांच्या पुढे चालत होती, आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, कुठे, असं मान वळवून विचारत होती. कुंपणाची भिंत आली तेव्हा त्यांनी उंबराचा शेंडा दाखवला. ती थांबली. बघत राहिली. मग भिंतीच्या कडेकडेने फाटकाकडे चालायला लागली, हे मागून.

फाटकाशी वॉचमन होता, छातीवरच्या पट्टीवर नाव, कचरू. त्याने टेबलावरची वही त्यांच्याकडे फिरवली. "कुणाकडं जायाचं हाय?"

लवाटे उत्तर शोधेपर्यंत सुनीतीने पेन उचललंही होतं. "मुलीकडे," ती म्हणाली, आणि वहीवर वाकून लिहायला लागली. आलेल्यांची नावं: श्यामसुंदर व सुनीती लवाटे. कोणाकडे, या रकान्यात तिने सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, अपूर्वा. पुढे फ्लॅट नंबरचा चौकोन होता. तिथे ती अडली आणि तिने पेन नवऱ्याच्या हातात दिलं. लवाट्यांनी लिहिलं, खाली, बागेत.

कचरूने वाचलं, मान डोलावली. बागेत पोरीबाळी असायच्याच त्या वेळेला. "टायम टाका," तो म्हणाला. लवाट्यांनी घड्याळ बघून आल्याची वेळ टाकली, पाच वाजून चाळीस मिनिटं, आणि सवयीने पेन पुढच्या रकान्यात नेलं.

"ते ऱ्हाऊ द्या काका," कचरू म्हणाला. "ते जाताना भरायचं."